माझा छत्तीस पानी खुलासा

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. बरं, हसा, पण हा किस्सा आपल्या चार माणसांबाहेर जाऊ देऊ नका. तसा तो गेलाच आहे म्हणा! थेट ओटावापर्यंत गेलाय, रजिस्टर्ड पोस्टाने. आणि पाठवला कोणी? मीच!

तर इथे कॅनडात, आमच्या सस्काटूनच्या मराठी मंडळात दर गुढीपाडव्याला एकांकिका होते. लेखिका मी, दिग्दर्शिका मी, आणि दुसरं कोणी तयार होत नाही म्हणून नायिकाही मीच. गेल्या वेळी मी विषय काढला एका सिनेनटीचा. बाई जन्मली युरोपात, नाव जगभर झालं, आणि दुसऱ्या महायुद्धात मुक्कामाला होती मॉन्ट्रियलमध्ये. इथल्या सैनिकांसाठी गायची, त्यांच्यासाठी लोकरीचे मोजे विणायची. पण जन्म पडला शत्रूच्या देशातला! झालं. सरकारने तिच्या मागे माणसं लावली. कोणाला फोन करते, काय जेवते, कचऱ्यात काय टाकते, सगळं लिहून ठेवायचे म्हणे. लायब्ररीतल्या एका जुन्या मासिकात मी हे वाचलं आणि झपाटलेच.

तिचं नाव मी सांगणार नाही. कागदावर नावं लिहिण्याच्या बाबतीत मी हल्ली फार सावध झाले आहे. नाटकात आम्ही तिला मादाम म्हणायचो.

आता इथे एक सोय आहे. माणूस जाऊन पुष्कळ वर्षं झाली असली तर त्याची सरकारी फाइल बघायला मागता येते. ऑनलाइन अर्ज करायचा, की झालं. मी म्हटलं, मासिकावर कशाला अवलंबून राहायचं? मादामची फाइलच मागवू! शनिवारी सकाळी एका हाताने पोहे परतत दुसऱ्या हाताने अर्ज भरला. खातं कुठलं? सुरक्षा. कारण काय? सांस्कृतिक कार्य. सबमिट! पोहेही छान झाले होते.

दीड महिन्याने कोपऱ्यावरच्या मेलबॉक्समध्ये सरकारी पाकीट आलं. बाहेर उणे तीस. घरी पोचेपर्यंत धीर धरवेना, म्हणून तिथेच दाताने हातमोजा काढून पाकीट फोडलं. आत एकच कागद. त्याचा मतलब असा: श्रीमती शलाका अमुक तमुक, आपल्याविषयीच्या नोंदी आमच्याकडे आहेत हे आम्ही मान्य करत नाही, आणि नाहीत असंही म्हणत नाही.

आपल्याविषयीच्या?

मी विचारलं मादामबद्दल आणि सरकार उत्तर देतंय माझ्याबद्दल! हातमोजा दातात तसाच, आणि बोटं गार पडली की मी, काही कळेना.

मिलिंद, म्हणजे आमचे हे, स्वभावाने फार शांत. घरात पाणी शिरलं तरी आधी चप्पल शोधतील. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "शलाका, तू नक्की काय केलंस?"

"मी? मी काय केलं?"

"मग सरकार तुझं नाव घेऊन का लिहितंय?"

"तेच तर विचारतेय तुम्हाला!"

"नोंदी नसत्या तर सरळ नाही म्हणाले असते," मिलिंद म्हणाले. नवऱ्याने एवढं शांतपणे बोलू नये हो. त्यापेक्षा आरडाओरडा परवडला.

आणि वेळ कोणती बघा. मिलिंदना आणि आमच्या इराला नागरिकत्व मिळून वर्ष झालं होतं. माझं मागे राहिलं, कारण आईच्या आजारपणात मी बरेच महिने यवतमाळला होते आणि माझे इथले दिवस भरत नव्हते. ते भरले, मग अर्ज केला, परीक्षा दिली, आता फक्त शपथेचं शेवटचं बोलावणं यायचं होतं. तेवढ्यात हे! आमच्या घरात दोन कॅनेडियन आणि एक संशयित. यांनी मला नाही म्हटलं तर? परत पाठवलं तर? पंधरा वर्षांची मुलगी इथे, नवरा इथे, आणि मी यवतमाळला बसून व्हिडिओवर त्यांना भाजीत मीठ किती घालायचं ते सांगणार? हसताय काय, मला खरंच रडू आलं होतं.

मग मी आठवू लागले. आणि आठवेल तसतसा घाम फुटू लागला. नाटकासाठी मी इंटरनेटवर काय काय शोधलं होतं, ऐका. फोन चोरून कसे ऐकतात. लिंबाच्या रसाने गुप्त पत्र कसं लिहितात. लांब कोट, काळी हॅट, दुर्बीण, सगळं एकाच ऑर्डरमध्ये! बातम्या लावा, जगात कुठे ना कुठे युद्ध पेटलेलंच आहे. अशा दिवसांत एक परदेशी बाई घरी बसून दुर्बीण मागवते. मी सरकार असते तर मीसुद्धा माझी फाइल उघडली असती.

त्याहून भयंकर म्हणजे नाटकाचा व्हॉट्सअॅप ग्रुप. वर जाऊन माझेच मेसेज वाचले. "रविवारी दोन वाजता सगळ्यांनी आपापली बंदूक घेऊन यावे." "बॉम्बची काळजी नको, तो मी आणते." आणि सगळ्यात वर, "मादामला उडवायचं की नुसती अटक करायची, हे आज ठरवा. हॉलचं बुकिंग करायचं आहे."

मी एकेक मेसेज डिलीट करत सुटले. अर्ध्या तासाने पाहिलं तर पडद्यावर एकाखाली एक, हा मेसेज डिलीट केला आहे, हा मेसेज डिलीट केला आहे. एखाद्याला संशय नसेल तर तोही यावा!

त्याच रविवारी पावणेदोनला मिलिंद खिडकीच्या पट्ट्यांमधून बघत म्हणाले, "शलाका, समोर एक गाडी उभी आहे."

"असेल कोणाची तरी."

"आत माणूस बसलाय. इंजिन चालू आहे. वीस मिनिटं झाली."

सस्काटूनच्या थंडीत कोणी उगाच गाडीत बसून राहत नाही हो! मी फट करून बघितलं. टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली, मांडीवर कागद, आणि माणूस एकटाच बोलतोय. मध्येच थांबतो, आमच्या घराकडे बघतो, परत बोलतो.

"रिपोर्ट देतोय," मिलिंद कुजबुजले.

"तुम्ही जा ना बाहेर."

"पत्र तुझ्या नावाने आहे."

बघा, सात जन्मांचं नातं! शेवटी मीच निघाले. पासपोर्ट, इथल्या कायम वास्तव्याचं पीआर कार्ड, लग्नाचा दाखला, सगळं फोल्डरमध्ये घातलं आणि बूट चढवले. गाडीजवळ जाताना दोन्ही हात दिसतील असे वर धरले होते. काच खाली आली.

"अरे बाप्पा! वहिनी, हात काहून वर केले?"

आमचे भोयर! मूळचे वर्ध्याचे, नाटकात मादामच्या मागावर असलेल्या पोलिसाचं काम करायचे. लवकर पोचले होते आणि आमची जेवणं चालली असतील म्हणून गाडीत बसून पाठांतर करत होते.

"आत का नाही आलात भोयर?"

"दोनची वेळ दिली होती ना तुम्ही. कोणाच्या घरी आधी जाऊन बसणं बरं दिसते का?"

त्या दिवशी तालीम काय होणार, कपाळ? मादामच्या तोंडी एक वाक्य होतं, "मी इथे घर मांडलं, आणि तुम्ही माझ्या खिडकीखाली उभे आहात." दोन महिने मी ते टाळीचं वाक्य म्हणून जोरात म्हणत होते. त्या दिवशी तोंडातून आवाजच फुटेना. त्या बाईने असे किती दिवस काढले असतील! भोयरना वाटलं, मी काय सुंदर अभिनय करतेय. डोळे पुसत म्हणाले, "वहिनी, कार्यक्रमात अस्संच करजा."

आता खरा घोटाळा इथून सुरू होतो. मी बाबांना फोन केला.

माझे बाबा म्हणजे यवतमाळच्या कलेक्टर कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क. उभी हयात फायलींत गेली. मी रडत रडत पत्र वाचून दाखवलं. बाबांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. मग घसा खाकरून विचारलं, "जावक क्रमांक आहे का?"

"आहे."

"खाली सही?"

"आहे."

"मग रडतेस काय? खुलासा दे."

तुमच्यापैकी कोणाच्या घरात सरकारी नोकर असेल तर त्याला हे सांगायला नको. सरकारी कागद आला की घाबरायचं नाही, आठ दिवसांच्या आत लेखी खुलासा द्यायचा. आमच्या घरात देवाच्या खालोखाल खुलाशाला मान होता. मी शाळेत उशिरा गेले तरी बाबा चिठ्ठी द्यायचे ती विषय, संदर्भ आणि महोदय घालून.

"पण बाबा, त्यांनी काही विचारलेलंच नाही."

"विचारण्याआधी दिला तर जास्त वजन पडतं. आणि हे बघ, काही लपवू नकोस. आपण होऊन सांगितलं की गुन्ह्याची चूक होते. जोडपत्रं लाव. पानांना क्रमांक घाल."

आणि मी बसले लिहायला. लिहिलं हो, सगळं लिहिलं! पहिला मुद्दा, नाटक. मग म्हटलं लपवायचं नाही, तर नाहीच लपवायचं. मुद्दा दोन, यवतमाळहून येताना बॅगेत कढीपत्त्याची दोन रोपं आणली, ओल्या फडक्यात गुंडाळून, आणि विमानतळावरच्या फॉर्मवर 'नो' लिहिलं. मुद्दा तीन, पहिल्या महिन्यात शेजारच्यांचं वायफाय वापरलं. मुद्दा चार, फुटपाथवरचा बर्फ नियमाप्रमाणे वेळेत फावड्याने काढला नाही, एकूण सात वेळा. मुद्दा पाच, नोकरीच्या मुलाखतीत मला आइस हॉकी फार आवडतं असं सांगितलं. वास्तविक ते रबरी चकतीसारखं काय असतं ते मला आजतागायत दिसलेलं नाही.

असे एकवीस मुद्दे. लिहिता लिहिता मन इतकं हलकं झालं म्हणता!

चांगल्या वर्तणुकीचा दाखला हवा, म्हणून शेजारच्या डगकडे गेले. डग म्हणजे पोटॅशच्या खाणीतून निवृत्त झालेला सत्तरीचा सज्जन माणूस. माझं नाव त्याला येत नाही, तो मला शीला म्हणतो. "शुअर, शीला!" म्हणाला आणि तिथल्या तिथे लिहून दिलं. शीला ही फार चांगली बाई आहे. तिच्या स्वयंपाकाचा वास माझ्या गॅरेजपर्यंत येतो, पण माझी तक्रार नाही. रविवारी तिच्याकडे हॅट घातलेले लोक बंदुका घेऊन येतात, पण पाचच्या आत सगळे घरी जातात.

मी ते जोडलं. खरं सांगते, जोडलं!

सगळी मिळून छत्तीस पानं झाली. सोमवारी पोस्टात जाऊन रजिस्टर केलं. एक त्या गुप्त खात्याला, आणि बाबांची शिस्त अंगात मुरलेली, खाली ओळ घालून एक प्रत माहितीसाठी सविनय सादर. कोणाला? नागरिकत्वाच्या ऑफिसला!

घरी येऊन मी जेवणाच्या टेबलावर सांगितलं, "सुटले एकदाची." इराने वरणात भात कालवता कालवता ते मूळ पत्र ओढून घेतलं. आमची इरा मराठीत ऐकते आणि अर्धंअधिक इंग्रजीत बोलते.

"आई, शो मी द फॉर्म यू फिल्ड."

ईमेलवर अर्जाची प्रत होती. इराने वर-खाली केली आणि चमचा खाली ठेवला.

"ओ माय गॉड, आई. माहिती कोणाची हवी, त्याखाली तुझंच नाव आहे. इट ऑटोफिल्ड! यू आस्क्ड फॉर युअर ओन फाइल."

"म्हणजे?"

"म्हणजे यू रोट टू द स्पाइज अँड आस्क्ड, आर यू स्पायिंग ऑन मी? अँड दे सेड, वी कान्ट से. दे से दॅट टू एव्हरीबडी! इट्स ऑन देअर वेबसाइट. इव्हन डग वुड गेट दिस लेटर!"

मिलिंदनी वेबसाइट वाचली. अगदी शब्द न् शब्द तेच. ते सावकाश म्हणाले, "म्हणजे तुझ्यावर फाइल नव्हती."

"नव्हती!" मी आनंदाने ओरडले.

"आता आहे," मिलिंद म्हणाले.

मी जेवणावरून उठून पोस्टात धावले. काउंटरवरच्या बाईला म्हटलं, ते पाकीट परत द्या, माझंच आहे. ती म्हणाली, आता ते त्यांचं आहे, गाडी निघूनही गेली. मी इतकी रडवेली झाले की तिने मला टिश्यूचं खोकं दिलं आणि विचारलं, लव्ह लेटर होतं का? काय सांगणार होते तिला?

पुढचे दोन महिने कसे काढले ते माझं मला माहीत. दाराची बेल वाजली की मी आधी ते कागदांचं फोल्डर उचलायची. नाटकाचा शेवट मी बदलून टाकला, मादाम पोलिसांना घरात बोलावून चहा पाजते आणि सगळे मिळून कॅनडाचं राष्ट्रगीत म्हणतात. लोकांना काही कळलं नाही, पण उभं राहावं लागलं, त्यामुळे आम्हाला उभ्याने टाळ्या मिळाल्या, असं भोयर अजून सांगत फिरतात. कढीपत्त्याकडे बघवत नव्हतं. फोडणीत टाकताना पुरावा नष्ट करतेय असं वाटायचं.

आणि मग ते बोलावणं आलं. शपथेचं नाही हं! मुलाखतीचं. मिलिंदना आलं नव्हतं, इराला आलं नव्हतं, मला एकटीला.

मिलिंद बाहेर बसले, मी आत. समोर पन्नाशीच्या एक अधिकारी बाई. चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. टेबलावर जाडजूड फाइल, आणि तिच्यातून बाहेर डोकावणारं माझंच अक्षर. सगळं इंग्रजीत झालं, मी आपलं मराठीत सांगते.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"सगळं?"

"डगचं पत्र सोडून."

तिने पानं उलटली. एका ठिकाणी थांबली. तिथेच माझा संसार थांबला.

"ती कढीपत्त्याची रोपं, जगली का?"

"एक गेलं. एक आहे, खिडकीत." मी म्हटलं. "आणून देऊ का?"

"नको," ती म्हणाली. "पुढच्या वेळी फॉर्मवर खरं लिहा. शलाका, तुमच्या अर्जात काही अडचण नव्हती. हे छत्तीस... हे पुस्तक आलं, म्हणून बोलवावं लागलं. आता अडचण नाही. शपथेचं पत्र येईल."

मला काय वाटलं म्हणून सांगू! इतके दिवस छातीवर बसलेलं कोणीतरी उठून गेलं. तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडावंसं वाटलं. ती बाई सही करायला पेन शोधत होती, पर्स उघडून खाली वाकली होती. मी आभार मानायचे, उठायचं आणि जायचं. एवढंच करायचं होतं!

पण आम्ही कचेरीतल्या माणसाची मुलं. लहानपणी बाबांचा डबा घेऊन जायचे, ते काम करत असायचे आणि मी टेबलाच्या पलीकडे उभी. समोरच्याची फाइल उलटी वाचायला मला मराठीच्या दुसऱ्या धड्याआधी आलं. डोळे आपोआपच जातात. फाइलवर वरती एक पिवळी चिठ्ठी होती, त्या गुप्त खात्याकडून आलेली. काय लिहिलं होतं? 'निरुपद्रवी. एकूण अडतीस पानं. वाचायला दोन माणसं आणि दोन दिवस लागले.'

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अडतीस नाही हो, छत्तीस. मी क्रमांक घातले होते."

बाई वाकलेली तशीच थांबली. मग हळूहळू वर आली. तिने चिठ्ठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आम्हा दोघींमधलं अंतर बघितलं.

"हे तुम्ही तिथून वाचलंत?"

मी मान हलवली. नाही कशी म्हणणार? काही लपवायचं नाही, असं बाबांनी बजावलं होतं. सरकारने माझ्यावर कधीच पाळत ठेवली नव्हती. त्या सगळ्या प्रकरणात गुप्त कागद चोरून वाचणारी एकच व्यक्ती निघाली आणि ती नागरिकत्वाच्या खुर्चीत बसली होती.

बाईंनी पेन उघडलं. फाइलवर सावकाश एक ओळ लिहिली. लिहून झाल्यावर फाइल माझ्याकडे वळवली.

"त्रास नको. सरळ वाचा."

लिहिलं होतं, 'अर्जदारास उलटं वाचता येतं. समोर फाइल उघडी ठेवू नये.'

आणि त्या दिवसात पहिल्यांदा ती हसली. मी बाहेर आले तेव्हा मिलिंदनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "आता खरी फाइल झाली."

शपथेचं पत्र मात्र आलं, महिन्याभरात. त्याला एक चिठ्ठी टाचली होती, निळ्या पेनाने लिहिलेली: उत्तर पाठवण्याची अजिबात आवश्यकता नाही. 'अजिबात'खाली दोन रेघा.

आता तुम्हीच सांगा, कोणी आपल्यासाठी इतक्या आपुलकीने हाताने लिहिल्यावर निदान मिळाल्याची पोच तरी द्यायला नको?

दिली. दोन प्रतींत.